बालगृहाचा एक मजला वाढला, म्हणजे मुलांसाठी जागा वाढली का?

‘मुलांना झोपायला जागा नाही, नव्या मजल्यासाठी मदत करा.’ असा मेसेज कधी ना कधी तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर आला असेल. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा कारखान्यांचा पट्टा. सीएसआरचा पैसा इथे आहे आणि मदत करणारे हातही आहेत.

जागेची अडचण खरी असते. अशोक देशमाने यांचं ‘स्नेहवन’ २०१५ मध्ये भोसरीत भाड्याच्या घरात सुरू झालं आणि पुढे खेड तालुक्यातल्या कोयाळीला गेलं. तिथे अडचणीतल्या शेतकरी कुटुंबांतली मुलं राहतात. पण अत्याचार किंवा दुर्लक्ष सोसलेल्या मुलांच्या बालगृहाचा विस्तार करायचा, तर फक्त जागा मिळून भागत नाही.

मूल तिथे पोहोचतं कसं?

१०९८ वर फोन येतो किंवा पोलिसांना मूल सापडतं. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मुलाला कुठे ठेवायचं, हे समिती ठरवते. संस्थेला परस्पर मूल ठेवून घेता येत नाही.

किती मुलं ठेवायची, हे कोण ठरवतं?

सरकार. बालगृहाला नोंदणी सक्तीची आहे आणि ती ५ वर्षांसाठी असते. जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस पाहून संस्थेची क्षमता नोंदवली जाते. प्रमाणपत्रावर ५० आकडा असेल, तर नवा मजला चढला म्हणून तो आपोआप ७५ होत नाही. नोंदणीशिवाय बालगृह चालवलं, तर १ वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

इमारतीत काय काय लागतं?

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत ५० मुलांसाठीचा हिशेब दिलाय:

• झोपण्यासाठी प्रत्येक मुलामागे ४० चौरस फूट
• ७ मुलांमागे किमान १ शौचालय, १० मुलांमागे १ न्हाणीघर
• आजारी मुलांसाठी वेगळी खोली
• समुपदेशनासाठी १२० चौरस फुटांची खोली

यातली शेवटची खोली सगळ्यात लहान, पण अत्याचार सोसलेल्या मुलासाठी कदाचित सगळ्यात महत्त्वाची. घडलेलं सांगायला त्याला बंद दार आणि ओळखीचा, विश्वासाचा माणूस लागतो. खोली देणगीतून एकदाच बांधून होते. समुपदेशकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. खाटा वाढल्या आणि माणसं तेवढीच राहिली, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणारं लक्ष उलट कमी होतं.

लक्ष नसलं की काय होतं, हे बिहारमधल्या मुजफ्फरपूरने २०१८ मध्ये दाखवलं. ‘टिस’च्या पाहणीनंतर तिथल्या बालिकागृहातले अत्याचार उघड झाले. म्हणूनच दर ३ महिन्यांनी तपासणी समितीने भेट द्यावी, आणि त्यात किमान एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा, असं कायदा सांगतो.

बालगृह वाढवणं हाच उपाय आहे का?

नाही. कायद्याच्या दृष्टीने संस्था हा शेवटचा पर्याय आहे. आधी सुरक्षित नातेवाईक किंवा दुसरं कुटुंब पाहायचं. त्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, २०२३ पासून तिची रक्कम महिना २,२५० रुपये आहे. एखादी आजी किंवा मावशी मुलाला नीट सांभाळू शकली, तर बालगृहातली एक खाट अशा मुलासाठी मोकळी राहते, ज्याला घरी परत पाठवणं धोक्याचं आहे.

मग मदत करण्याआधी काय विचारायचं?

१. नोंदणी कधीपर्यंत आहे आणि मंजूर क्षमता किती?
२. वाढीव क्षमतेसाठी अर्ज केलाय का?
३. समुपदेशक किती, आणि त्यांच्या पगाराची सोय काय?
४. गेल्या वर्षी किती मुलं कुटुंबात परतली?
५. १८ पूर्ण झालेल्यांचं पुढे काय? (कायद्यात २१ वर्षांपर्यंत पाठबळाची तरतूद आहे.)

आणि हो, तिथे वाढदिवस साजरा केलात तर मुलांचे फोटो स्टोरीला टाकू नका. कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. केकचा फोटो टाका, चेहरे नकोत.

तुमच्या चाळीत किंवा सोसायटीत एखाद्या मुलाला मारहाण होतेय असं वाटलं, तर १०९८ वर फोन करा. तो मोफत आहे आणि २४ तास सुरू असतो.