प्रदर्शनातील वराह आणि ऑगस्टचे ऊन

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आयोवा राज्याची लोकसंख्या सुमारे ३२ लाख असून तेथील वराहांची संख्या २ कोटींहून अधिक आहे. १८५४ मध्ये सुरू झालेली या राज्याची जत्रा १८८६ पासून राजधानी डे मॉईन येथील आजच्या मैदानावर भरत आली आहे. तिच्या रिंगणात आपला वराह उतरवणे हा तेथील अनेक शेतकरी कुटुंबांतील मुलामुलींच्या आयुष्यातला मोठा दिवस असतो. 'फोर-एच' आणि १९२८ मध्ये स्थापन झालेली 'एफएफए' या युवक संघटनांचे शाळकरी सदस्य वसंत ऋतूत आठ-दहा आठवड्यांचे पिल्लू विकत घेतात, त्याला स्वतः खाऊ घालतात, सकाळ-संध्याकाळ फिरवतात आणि सहा महिन्यांचे, सव्वाशे किलोंच्या आसपास वजनाचे जनावर घेऊन परीक्षकासमोर उभे राहतात. फिल स्टाँग यांची 'स्टेट फेअर' ही १९३२ मधील कादंबरी याच जत्रेवर बेतलेली असून, 'ब्ल्यू बॉय' नावाचा वराह तिच्यातील एक प्रमुख पात्र आहे. या प्रथेचे तेथील स्थान यावरून लक्षात यावे.

अडचण अशी, की जत्रा ऑगस्टमध्ये भरते आणि वराहाला घाम येत नाही.

आयोवातील ऑगस्टची दुपार साधारणपणे ३० अंश सेल्सियसच्या घरात असते. मे महिन्यातील विदर्भ पाहिलेल्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु त्याबरोबर येणारी आर्द्रता विचारात घ्यावी लागते. मैलोन्‌मैल पसरलेली मक्याची उभी पिके पानांवाटे हवेत इतकी वाफ सोडतात, की स्थानिक लोक त्याला मक्याचा घाम असेच म्हणतात. पूर्ण वाढ होत आलेल्या वराहाला २० अंशांच्या आसपासची हवा मानवते. पारा २५ अंशांपुढे गेला, की त्याचे खाणे कमी होऊ लागते आणि श्वासाची गती वाढते. त्याच्या त्वचेत घर्मग्रंथी फार थोड्या असून उष्णतेला त्या जवळजवळ दाद देत नाहीत. त्वचेखाली चरबीचा जाड थर असल्याने शरीरातील उष्णता बाहेर पडण्यास आणखी अडथळा येतो. धाप टाकणे, थंड जमिनीवर पसरून पडणे आणि अंग ओले करणे, एवढेच उपाय त्याच्या हाती राहतात.

चिखलात लोळण्याच्या त्याच्या सवयीकडे या दृष्टीने पाहावयास हवे. माणसाने या सवयीवरून वराहाला घाणेरडा ठरवले. प्रत्यक्षात ती घामाची उणीव भरून काढण्याची व्यवस्था आहे. चिखलातील पाणी साध्या पाण्यापेक्षा सावकाश उडते आणि त्यामुळे अंग अधिक वेळ थंड राहते. वाळलेला थर उन्हापासून त्वचेचे रक्षणही करतो. प्रदर्शनात उतरवायच्या वराहाला मात्र चिखलात सोडता येत नाही. त्याचे केस स्वच्छ, चमकदार आणि एका दिशेने बसलेले असावेत, त्वचा मऊ असावी आणि तिच्यावर कोंडा किंवा ओरखडे नसावेत, अशी अपेक्षा असते. म्हणजे चिखलाने जे काम केले असते, ते पाणी, वारा आणि सावली यांच्याकडून करवून घेण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर येते.

पाण्याच्या बाबतीत एक समज सर्वत्र आढळतो, की जितके पाणी ओतावे, तितके जनावर थंड होईल. येथे थोडे गणित मांडणे उपयुक्त ठरेल. २० अंशांचे एक लिटर पाणी अंगावरून वाहून जाताना ३८ अंशांपर्यंत तापले, तर ते सुमारे ७५ किलोजूल उष्णता घेऊन जाते. तेच एक लिटर पाणी त्वचेवर राहून त्याची वाफ झाली, तर सुमारे २४०० किलोजूल उष्णता निघून जाते. दोहोंत तीसपटींहून अधिक अंतर आहे. म्हणून अनुभवी पालक वराहाचे अंग काही मिनिटे भिजवतात, पाणी बंद करून पंख्याच्या वाऱ्यात ते वाळू देतात आणि मग पुन्हा भिजवतात. बारीक धुक्यासारखी फवारणी दमट हवेत फारशी कामाची नसते. ती केसांच्या टोकांवर अडकते आणि खुराड्यातील आर्द्रता तेवढी वाढवते. त्वचेपर्यंत पोहोचतील असे मोठे थेंब आणि त्यानंतर वाहता वारा, ही जोडी महत्त्वाची. उन्हात पडलेल्या रबरी नळीतील पहिले पाणी चटका बसण्याइतके तापलेले असते. ते आधी जमिनीवर सोडून द्यावे लागते. ही गोष्ट सांगण्यासारखी नसावी, परंतु घाईत हीच विसरली जाते.

केसांच्या लांबीविषयीचा गैरसमज याहून जुना आहे. वराहाचे स्नायू परीक्षकाला ठळक दिसावेत म्हणून पूर्वी त्याचे अंग यंत्राने अगदी बारीक कापण्याची पद्धत होती, आणि उन्हाळ्यात तर त्यामुळे त्याला गारही वाटेल, असे मानले जाई. वराहाचे केस मुळातच इतके विरळ असतात, की ते कापल्याने शरीरातील उष्णता फारशी अधिक बाहेर पडत नाही. उलट उन्हाला अडवणारे जे काही थोडे आवरण असते, तेही निघून जाते. अनेक जत्रांच्या नियमावलीत मांसासाठीच्या वराहांचे केस किमान अर्धा इंच, म्हणजे सुमारे सव्वा सेंटिमीटर असावेत, असे बंधन आढळते. त्याचे कारण मात्र कत्तलखान्यात आहे. तेथे गरम पाण्यात बुडवल्यानंतर यंत्राने केस उपटले जातात. आखूड खुंट यंत्राच्या पकडीत येत नाहीत आणि कातडीतच राहतात. स्पर्धेतील बहुतेक वराह शेवटी याच वाटेने जातात. मांसाच्या व्यवहारासाठी झालेला नियम जनावराच्या पाठीचे उन्हापासून थोडेफार रक्षणही करतो, हा योगायोग म्हणावा लागेल.

तेलाचेही तसेच आहे. तेल चोळल्याने काळा किंवा लाल वराह आरशासारखा चमकतो. परंतु तेलाच्या थराखाली पाणी त्वचेला नीट भिजवू शकत नाही, वाफ होण्याची क्रिया मंदावते आणि वराहाचा उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्गच अडतो. तेल लावलेले जनावर उन्हात उभे राहिले, तर त्वचा भाजण्याचा धोकाही वाढतो. शिवाय कातडीवर जे लावले जाते, ते अन्नावर लावल्यासारखेच आहे. त्यामुळे मांसासाठीच्या वराहांवर तेल, पावडर किंवा रंग लावण्यास अनेक जत्रांमध्ये बंदी असून, नियम मोडणारा स्पर्धेतून बाद होऊ शकतो. सहा महिन्यांचे कष्ट चमचाभर तेलापायी वाया जावेत, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

ऊन सर्व वराहांना सारखे बाधत नाही. पांढऱ्या यॉर्कशायर, लँडरेस आणि चेस्टर व्हाईट या जातींची गुलाबी त्वचा लवकर भाजते. प्रथम कानांच्या मागे आणि पाठीवर लाली येते, नंतर फोड, आणि काही दिवसांनी पापुद्रे सुटू लागतात. असे जनावर पाठीला हात लावू देत नाही. खरारा दूरच राहिला. काळ्या बर्कशायरची किंवा तांबड्या ड्युरॉकची त्वचा तितकी भाजत नाही, मात्र गडद रंग उन्हातील उष्णता अधिक शोषून घेतो आणि ते लवकर तापतात. पांढरा पट्टा असलेल्या काळ्या हॅम्पशायरच्या अंगावर दोन्ही धोके शेजारीशेजारी नांदतात. म्हणून फिरवण्याचा सराव सूर्य वर येण्यापूर्वी किंवा संध्याकाळी करावा आणि दिवसाचा मधला वेळ सावलीतच जावा, हा नियम सर्व जातींना लागू आहे. कुट्टूसारख्या काही वनस्पती खाण्यात आल्यास पांढरी त्वचा प्रकाशाला अधिकच संवेदनशील होते आणि थोडेसे ऊनही तिला सहन होत नाही.

हा प्रश्न भारतालाही परका नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ९० लाखांहून अधिक वराह होते आणि त्यांपैकी सुमारे २१ लाख एकट्या आसाममध्ये होते. घुंगरू, नियांग मेघा आणि गोव्यातील आगोंदा गोवन या नोंदणीकृत देशी जाती बहुतांशी काळ्या रंगाच्या आहेत. संकरासाठी आणली गेलेली लार्ज व्हाईट यॉर्कशायर ही इंग्लंडमधील जात मात्र पांढरी असल्याने, भारतीय उन्हाळ्यात तिच्यासाठी सावली आणि अंग भिजवण्याची सोय करावीच लागते. आयोवातील यॉर्कशायर हे तिचेच वंशज होत.

आता रोजच्या निगेकडे वळता येईल. घोड्याप्रमाणेच वराहालाही खरारा मानवतो. ताठ केसांच्या ब्रशने मानेपासून शेपटीकडे, केसांच्या दिशेने, दररोज दहा-पंधरा मिनिटे हात फिरवल्यास सुटलेली मृत त्वचा निघते, त्वचेतील नैसर्गिक स्निग्धता केसांवर पसरते आणि केस एका बाजूस बसतात. अंग भिजवल्यानंतर ते वाळत असताना खरारा केल्यास परिणाम अधिक चांगला होतो. साबण मात्र रोज वापरू नये. उन्हाळ्यात पाणी रोज घालावे. सौम्य साबण आठवड्यातून एखाद-दोन वेळा पुरतो. अधिक साबणाने स्निग्धता धुऊन निघते आणि कोंडा वाढतो. फेस पूर्णपणे काढून टाकणे, विशेषतः पोटाखाली आणि जांघेत, आवश्यक असते. कानात पाणी जाऊ देऊ नये. गेल्यास वराह डोके एका बाजूला कलते ठेवतो आणि पुढच्या वेळी नळी पाहताच पळ काढतो. कोरड्या त्वचेसाठी पाण्यात मिसळलेले सौम्य कंडिशनर संध्याकाळी पातळ हाताने लावतात. ते तेलासारखा थर धरणारे नसावे, आणि जत्रेचा नियम काय आहे, हे आधी वाचलेले असावे.

अंथरुणाचाही त्वचेशी संबंध आहे. लाकडाच्या पातळ ढलप्या अंग स्वच्छ ठेवतात, परंतु धुळकट असल्यास त्वचा कोरडी करतात. ओले अंथरूण तसेच राहिल्यास पोटाकडील त्वचेवर लाल चट्टे उठतात आणि पांढऱ्या केसांवर पिवळे डाग बसतात.

केसांची खरी चमक मात्र आतून येते. जस्ताच्या कमतरतेमुळे वराहाची त्वचा जाड, खवल्यांसारखी आणि भेगाळ होते, हे १९५५ मध्ये अमेरिकेतील टकर आणि सॅल्मन यांनी दाखवून दिले. तेव्हापासून वराहांच्या खाद्यात जस्त मिसळणे ही नेहमीची गोष्ट झाली. खाद्यात थोडे वनस्पती तेल घातल्यास त्वचा मऊ राहते. तंतुमय खाद्य पचवताना शरीरात जितकी उष्णता निर्माण होते, तितकी स्निग्ध पदार्थांमुळे होत नाही, हा उन्हाळ्यातील आणखी एक लाभ. प्रमाण वाढल्यास मात्र चरबी चढते आणि परीक्षकाच्या नजरेतून ती सुटत नाही. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्यावे. स्वच्छ व थंड पाणी दिवसभर समोर असावे. भर उन्हाळ्यात मोठा वराह दिवसाला दहा लिटरहून अधिक पाणी सहज पितो.

प्रत्येक लालीला ऊन जबाबदार असेलच असे नाही. सतत खाजवणे, कानांच्या आत खपल्या धरणे ही खरजेची लक्षणे असू शकतात. वर्तुळाकार चट्टे गजकर्णाचे असू शकतात आणि ते माणसालाही होते. जत्रेच्या प्रवेशद्वारावरील पशुवैद्यक असे जनावर परत पाठवू शकतात. पत्त्यांतील चौकटच्या आकाराचे, हाताला उंचवटा लागणारे लाल चट्टे आणि त्यासोबत ताप असल्यास एरिसिपेलस या जिवाणूजन्य रोगाची शंका घ्यावी लागते आणि तेथे ब्रश किंवा कंडिशनर उपयोगाचे नाही. खरजेवरील उपचार वेळेत करणे यासाठीही आवश्यक आहे, की अमेरिकेत आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शननंतर १८ दिवस वराह कत्तलीसाठी देता येत नाही. जत्रेच्या आदल्या आठवड्यात जाग आलेल्या पालकाला हा हिशेब जुळवता येत नाही.

स्पर्धेच्या दिवशी सर्व गोष्टी एकाच वेळी अंगावर येतात: प्रवास, अनोळखी वराह, गर्दी आणि तापलेली हवा. काही वराहांमध्ये ताण व उष्णता यांमुळे स्नायू अकस्मात ताठरून शरीराचे तापमान झपाट्याने वाढते. यामागील जनुकीय दोष कॅनडातील संशोधकांनी १९९१ मध्ये शोधून काढला आणि चाचणीने तो आता ओळखता येतो. परंतु दोष नसलेला वराहही उष्माघाताने दगावू शकतो. त्याच्या शरीराचे सामान्य तापमान ३९ अंशांच्या आसपास असते. तोंड उघडे ठेवून धापा टाकणे, पाय लटपटणे, अंगावर लालसर-जांभळे डाग उमटणे आणि चालण्यास नकार देणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी त्याला पुढे ढकलणे सर्वांत घातक. आहे तेथेच सावली करावी, पंखा लावावा, आणि पाय, पोट व कानांमागचा भाग साध्या पाण्याने भिजवत पशुवैद्यकास बोलवावे. बर्फाचे पाणी एकदम पाठीवर ओतल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, आतील उष्णता आतच अडकते आणि जनावराला धक्का बसू शकतो.

एरवी सर्व सुरळीत असेल, तर पहाटे अंघोळ, वाऱ्यात वाळवणे, खरारा, आणि रिंगणात जाण्याच्या काही क्षण आधी ओलसर ब्रशचा अखेरचा हात, एवढाच क्रम राहतो. रिंगणातील फेरी काही मिनिटांत संपते. निकाल काहीही लागो, बाहेर आल्याबरोबर मुलाने वराहाला प्रथम धुण्याच्या जागेकडे न्यावे आणि छायाचित्र त्यानंतर काढावे, अशी जाणत्या पालकांची शिकवण असते.