‘मुस्तफा’चा बोर्ड आला कुठून?

भंगाराच्या धंद्यात माल ओळखता आला नाही, तर नफा दुसऱ्याच्या खिशात जातो. हे आमच्या व्यापारी वाचकांना नव्याने सांगायला नको. तरीही अहमदनगरच्या, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर झालेल्या शहरातल्या एका भंगारवाल्या चाचांची हकीकत सांगण्यासारखी आहे.

चाचांनी काही वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरचा सगळा माल उचलला. लाकडी खोकी जळणात गेली, पिक्चर ट्यूबा गेल्या आणि बोर्ड काट्यावर तोलून किलोच्या भावाने विकले गेले. फक्त एक बोर्ड पोत्याखाली राहिला. अलीकडे पुण्याच्या एका शौकिनाने फोनवर विचारले, “अस्सल जपानी आहे का? असेल तर भाव वेगळा.” चाचांनी आम्हाला बोलावणे धाडले. म्हणाले, “भाईजान, तुम्ही वाचणारी माणसं. यावर काय लिहिलंय ते जरा बघा.”

बोर्ड होता ‘मुस्तफा’चा. नव्वदच्या दशकात पार्लरमध्ये रुपया टाकलेल्या कोणालाही हे नाव पुरेसे आहे. खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. मूळ कल्पना मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रकथेची. खेळात चार गडी आहेत. त्यातला पिवळ्या टोपीचा मुस्तफा कैरो आपल्याकडच्या पोरांना इतका भावला की, खेळालाच त्याचे नाव पडले. कंपनीला याचा पत्ता तरी होता की नाही, कोण जाणे!

आता पारख कशी करायची? बोर्डाच्या एका कडेला सोनेरी पट्ट्या असतात. एका बाजूला २८, दुसऱ्या बाजूला २८, एकूण ५६. ही ‘जामा’ नावाची जोडणी जपानी मशीन उत्पादकांच्या संघटनेने १९८५च्या सुमारास ठरवून दिली. त्यामुळे एकाच खोक्यात आज हा बोर्ड, उद्या तो बोर्ड बसवता येऊ लागला आणि पार्लरवाल्याचा खर्च वाचला. पण हीच सोय नक्कल करणाऱ्यांच्याही पथ्यावर पडली. पट्टी जुळली की माल खपला. म्हणून निव्वळ पट्टी पाहून अस्सल-नक्कल ठरत नाही, आणि भंगारवाल्याची नजर तर नेमकी त्या सोन्यावरच जाते.

खरी गोष्ट चिपांवर लिहिलेली असते. बहुतेक चिपांवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे सालाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ९३१० म्हणजे १९९३चा दहावा आठवडा. बोर्डावरची सर्वात नवी चिप शोधावी. बोर्ड तिच्या आधीचा असू शकत नाही. मात्र खोबणीत बसवलेली चिप नंतर बदललेली असू शकते, म्हणून पक्क्या सोल्डर केलेल्या चिपांवरच भरवसा ठेवावा. आणखी एक फसगत सांगून ठेवतो. चिपवर ‘तैवान’ किंवा ‘मलेशिया’ छापले असेल, तर ते त्या चिपेचे गाव. बोर्ड तिथेच जोडला, असा त्याचा अर्थ नव्हे.

अस्सल बोर्डावर कॅपकॉमच्या स्वतःच्या मोठ्या चौकोनी चिपा असतात. त्यांवर ‘सीपीएस-ए-०१’, ‘सीपीएस-बी-२१’ अशी छपाई असते. खेळ साठवलेल्या चिपांवरच्या छापील लेबलात ‘सीडी’नंतरचे अक्षर मुलूख सांगते. ‘जे’ जपानचे, ‘यू’ अमेरिकेचे.

चाचांच्या बोर्डावर यातले काहीच नव्हते. मोठ्या चिपांच्या जागी लहान चिपांची रांग, लेबलांवर पेनाने लिहिलेले आकडे, आणि आवाजाच्या भागात ‘पीआयसी १६सी५७’ ही साधी चिप. सर्वात नव्या चिपेवर ९५२४. म्हणजे १९९५च्या जूननंतर केव्हातरी जुळवलेली नक्कल. जुन्या खेळांची नोंद ठेवणारा ‘मेम’ हा कार्यक्रम इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली सुरू केला. त्याच्या यादीत याच चिपेच्या नकलेची स्वतंत्र नोंद आहे. नकलेचीही वंशावळ ठेवणारे लोक जगात आहेत तर!

चाचांचा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारले, “अस्सल कसा ओळखायचा होता?” आम्ही सांगितले, या खेळाच्या अस्सल बोर्डावर लिथियमची छोटी बॅटरी असते. कॅपकॉमने आवाजाचा कार्यक्रम कुलूपबंद केला होता. कुलपाची किल्ली बॅटरीच्या जोरावर स्मृतीत टिकायची. बॅटरी उतरली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड निकामी होतो. हल्ली असे मेलेले बोर्ड पुन्हा उठवणारे कारागीर आहेत, म्हणून बंद अस्सल मालालाही गिऱ्हाईक मिळते. नकलेत कुलूप फोडलेले असल्याने तिला बॅटरी लागत नाही.

चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दोन बोर्डांवर होती तसली बॅटरी. वितळवणारा म्हणाला, बॅटरीसकट घेणार नाही. मीच पकडीने कापली.”

त्या दोन बोर्डांवर कोणते खेळ होते, हे आता कोण सांगणार! ते किलोवर गेले.

चाचांच्या नातवाने कॉम्प्युटरचा जुना पॉवर सप्लाय आणला. एक जुना मॉनिटर माळ्यावर धूळ खात होता, तो खाली काढला. तारा जोडायला तासभर गेला. पाच व्होल्ट दिल्याबरोबर पडदा उजळला आणि पिवळी टोपी दिसली. आवाज थोडा फाटका, पण खेळ चालू. चाचांनी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि साफ सांगितले, “साहेब, नक्कल आहे. पण चालतो.” पलीकडून भाव निम्म्यावर आला. चाचा म्हणाले, “विचार करून कळवतो.” फोन ठेवेपर्यंत नातू दुसऱ्या टप्प्यावर पोचला होता.