ध्वनिफितीला कान नसतात

मागच्या व्याख्यानानंतर एका शिक्षिकेनं विचारलं, ‘‘सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे. इंग्रजीच्या तासाला ऑडिओ वाजवावा की नाही, हे तुम्हाला विचारून काय उपयोग?’’ तरी त्यांनी विचारलंच, आणि बरं केलं. माणूस भाषा शिकतो कसा, हा तत्त्वज्ञानातला जुनाच प्रश्न आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांत तर तो रोज समोर येतो.

आधी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघंतिघं निवृत्त प्राध्यापक गडचिरोलीच्या दक्षिण भागातल्या एका शाळेत गेलो होतो. चौथीचा वर्ग. गुरुजींनी मोबाइलला छोटा स्पीकर जोडला. आतून आवाज आला, ‘‘व्हॉट इज युवर नेम?’’ लगेच दुसरा आवाज, ‘‘माय नेम इज टॉम.’’ अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘‘माय नेम इज टॉम.’’ उच्चार छानच होता. मग पुढच्या रांगेतल्या एका माडिया मुलीला आम्ही तोच प्रश्न विचारला. तीही ठामपणे म्हणाली, ‘‘माय नेम इज टॉम.’’ आम्ही हसलो. आपलं काहीतरी चुकलं एवढं तिला कळलं, काय चुकलं ते कळलं नाही. नंतर तास संपेपर्यंत ती बोलली नाही. हसायला नको होतं, हे आम्हाला उशिरा सुचलं.

यावर कुणी म्हणेल, मग तो ऑडिओ बंदच करा. तसं नाही. त्याची गरज खरी आहे. महाराष्ट्रात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून होतं. जून २००० पासून ते मराठी शाळांत पहिलीपासून आलं. शिकवणारे बहुतेक गुरुजी आणि मॅडम स्वतः मराठी माध्यमात शिकलेले. त्यांनी इंग्रजी वाचलं भरपूर, पण ऐकलं फार थोडं. गाइडात उच्चार देवनागरीत लिहिलेले असतात. पण देवनागरीत अक्षर लिहिता येतं, आघात लिहिता येत नाही. ‘रेकॉर्ड’ हाच शब्द घ्या. ते नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर येतो. क्रियापद असेल तर जोर दुसऱ्यावर जातो आणि शब्द ‘रिकॉर्ड’सारखा ऐकू येतो. मराठीत आपण अक्षरं साधारण सारख्या वजनानं उच्चारतो. इंग्रजीत काही अवयव ठसठशीत येतात, बाकीचे गिळल्यासारखे निघून जातात. ही लय पुस्तकातून कळत नाही, ती कानावरच पडावी लागते. म्हणून ध्वनिमुद्रण हवं.

दुसरं असं, की आपल्या भागातल्या पोरांचे कान तयार असतात. झाडीपट्टीतली नाटकं रात्रभर चालतात, आणि दुसऱ्या दिवशी लहान पोरं त्यातले संवाद आवाजाच्या चढउतारासकट म्हणून दाखवतात. गोंडी-माडिया गाणी तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकूनच आली. ही मुलं वाचनात मागे असतील, ऐकण्यात नाहीत.

मग त्या वर्गात बिघडलं कुठं? वेदपाठशाळेतली संथा आठवा. गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा म्हणतो. पण गुरू नुसता म्हणत नाही. शिष्य म्हणत असताना तो कान देऊन ऐकतो, आणि स्वर चुकला की तिथंच थांबवतो. ध्वनिफीत संथा देते, शंभर वेळा देते, कधी चिडत नाही. हा तिचा मोठा गुण. पण तिला ऐकू येत नाही. मुलगी ‘टॉम’ म्हणाली काय आणि स्वतःचं नाव म्हणाली काय, फितीला सारखंच.

हा प्रश्न जगात इतरांनाही पडला होता. १९८० च्या दशकात केनियात रेडिओवरून पहिली ते तिसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग झाला. त्यातला रेडिओ सारखा बोलत नसे. प्रश्न विचारून तो थांबे, मुलं मोठ्यानं उत्तर देत, मग तो बरोबर उत्तर सांगून पुढे जाई. याला संवादी रेडिओ म्हणतात. आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं याच पद्धतीनं मराठी शाळांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ हा कार्यक्रम तयार केला. म्हणजे फितीतली सर्वांत मोलाची जागा कोणती? जिथं काहीच वाजत नाही ती. ती रिकामी जागा मुलाची असते.

पण नुसती जागा सोडूनही भागत नाही. तिथं मूल काय म्हणतं, ते ऐकणारा माणूस लागतो, आणि त्याला मुलाची भाषा थोडी तरी ठाऊक असावी लागते. दोन उदाहरणं देतो. झाडीबोलीत ‘श’च्या जागी पुष्कळदा ‘स’ येतो. शेताला ‘सेत’ म्हणतात. त्या घरातल्या मुलाला इंग्रजीतलं ‘शी’, म्हणजे ती, आणि ‘सी’, म्हणजे पाहणे, हे एकच वाटतात. फीत दहा वेळा वाजवली तरी तो जे ऐकायला शिकलाय तेच ऐकणार. गुरुजींनी दोन चित्रं समोर ठेवून ‘कोणतं म्हणालो?’ असं विचारलं, तरच कान उघडतो.

दुसरं उदाहरण गोंडीचं. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा. तिच्यात पुरुषासाठी एक सर्वनाम आहे आणि स्त्री व वस्तू या दोघांसाठी मिळून दुसरं. त्यामुळे गोंडी मुलगा आईबद्दल बोलताना ‘शी’ऐवजी ‘इट’ म्हणाला, तर तो अडाणी नाही. तो त्याच्या भाषेचं व्याकरण नीट पाळतोय. हे फितीला कळणार नाही. ज्या गुरुजींना कळलं, ते त्याला हसणार नाहीत.

इथं आमचा विषय येतो. विटगेनस्टाईन आपल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या ग्रंथाची सुरुवात संत ऑगस्टीनच्या आठवणीनं करतो. ऑगस्टीन सांगतो की मोठी माणसं वस्तूकडे बोट दाखवून नाव घेत, आणि तो शब्द शिके. विटगेनस्टाईनचं म्हणणं, एवढ्यानं भाषा येत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो. आपल्याकडे भर्तृहरीनं ‘वाक्यपदीया’त वाक्य अखंड मानलं, शब्द नंतर वेगळे काढलेले. दोघांना शेजारी बसवलं तर वर्गासाठी सरळ सल्ला मिळतो : सुटे शब्द घोकायला लावू नका, वापरातलं वाक्य ऐकवा आणि ते लगेच वापरायला लावा.

आता कृती सांगतो. दोन मिनिटांचा तुकडा घ्या, जास्त नको. भारतीय आवाज असेल तर उत्तम, वेग बेताचा असावा. पहिल्यांदा पुस्तक मिटून नुसतं ऐकू द्या. दुसऱ्यांदा हातवारे, चित्रं, प्रत्यक्ष वस्तू घेऊन ऐकवा. अर्थ सांगायचा तर मुलाच्या घरच्या भाषेत सांगा. भामरागड-एटापल्लीकडच्या पोराला मराठीही शाळेतच भेटलेली असते. अर्ध्या कळलेल्या मराठीतून न कळलेलं इंग्रजी समजावलं, तर दोन्ही निसटतात. तिसऱ्यांदा प्रत्येक प्रश्नापाशी बटण दाबून थांबवा आणि मुलाला स्वतःचं उत्तर देऊ द्या. शेवटी मोबाइलवर मुलाचाच आवाज मुद्रित करून त्याला ऐकवा. आपली चूक दुसऱ्यानं दाखवलेली लागते, आपली आपण ऐकलेली लागत नाही.

आणि हे सगळं मेमरी कार्डावर ठेवा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, नेटवर्कही जातं. २०२० च्या टाळेबंदीत आकाशवाणी नागपूरवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम आपल्या विभागातल्या मुलांपर्यंत गेला, तेव्हा साध्या रेडिओची किंमत सगळ्यांना कळली. जवळ असलेलं साधन साधंच बरं.

त्या माडिया मुलीची गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी गुरुजींनी तीच फीत लावली, पण प्रश्नापाशी थांबवली. स्वतः तिच्याजवळ जाऊन बसले. माडियात काहीतरी विचारलं. ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘माय नेम इज,’’ आणि पुढे स्वतःचं नाव हळूच घेतलं. उच्चार कालच्याइतका छान नव्हता. गुरुजींनी तो सुधारला नाही, ‘‘व्हेरी गुड’’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळले.

आपण इथं थांबू. प्रश्न असतील ते विचारा.