ऑटोक्रॉसला गाडी नेताय? आधी नट, ब्रेक आणि पॉलिसी बघा

निपाणी : ऑटोक्रॉस म्हणजे मैदानात कोन मांडून आखलेली वाट एकट्या गाडीने कमीत कमी वेळात पार करायची. कोनाला धक्का लागला की दंडाचे सेकंद वाढतात.

त्यासाठी छोट्या गाडीच्या इंजिनवर लगेच पैसे घालायला नकोत. स्टेपनी, जॅक, मॅट तेवढ्यापुरते बाहेर काढा. बॅटरी घट्ट बांधा, चाकांचे नट आवळा. जुनं ब्रेक ऑइल बदला. त्यात मुरलेल्या पाण्याची तापल्यावर वाफ होते आणि पेडल खाली जातं. टायरमध्ये हवा कमी असली तर वळणावर कडा दुमडतात. हेल्मेट, सीटबेल्ट हवेतच.

आता हिशोबाचं. खासगी गाडीच्या विम्यात शर्यतीतलं नुकसान सहसा बसत नाही. पासिंग केए असो वा एमएच. म्हणून हद्द ओलांडण्याआधी पॉलिसीतला ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचाच. आणि सराव हायवेवर नको.