पायात बसणारी कोल्हापुरी

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीत किंवा पैठण गेटला कोल्हापुरी घ्यायला निघालात, तर संध्याकाळी जा. दिवसभराच्या चालण्याने पाय जरा फुगलेला असतो. सकाळी नेमकी बसलेली चप्पल सायंकाळी काचते.

कोल्हापुरीला ना नाडी, ना बक्कल. पाय धरून ठेवतात अंगठा आणि पट्टा, म्हणून माप तिथंच बघायचं. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं कातडं वापराने सैलावतं, पण तळ लांबीला वाढत नाही. त्यामुळे पट्टा पहिल्या दिवशी घट्टच हवा आणि टाच तळाच्या आत राहायला हवी. दोन्ही पायांत घालून चाला. मोठ्या पायाचं माप खरं. पट्ट्याची कड करंगळीजवळ रुतत असेल, तर ‘होईल सैल’ या भरवशावर घेऊ नका.

चप्पल उलटून शिवणही बघा. अस्सल कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवतात. तिचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र-कर्नाटकातल्या ८ जिल्ह्यांचं आहे, आपला जिल्हा त्यात नाही. तेव्हा माल कुठला, ते विचाराच.

नवी असताना ती चावतेच. पट्ट्याला आतून तेलाचं बोट फिरवा आणि आठवडाभर घरातच थोडी थोडी घाला. भिजली तर सावलीत वाळवा.