शेजाऱ्यापेक्षा आम्ही बरे!

आपल्या वस्तीत कुणालाही त्याच्या सवयीविषयी विचारा, तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. तंबाखू मळणारा म्हणतो, "आम्ही दारूला शिवत नाही." दारू पिणारा म्हणतो, "आम्ही सणासुदीलाच घेतो, तो तर रोज पितो." मशेरी लावणारी भगिनी म्हणते, "आम्ही विडी थोडीच ओढतो?" शिवाय विडी ओढून नव्वद वर्षे जगलेले एखादे आजोबा सर्वांच्या मदतीला असतातच. पन्नाशीच्या आत गेलेल्यांची गणती मात्र कुणी करीत नाही.

हा स्वभाव केवळ आपल्याच लोकांचा नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी १९८० साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संकटे इतरांवर येतील, आपल्यावर येण्याचा संभव कमी, असेच त्या शिकलेल्या मुलांनाही वाटत होते.

आता जमाखर्च पाहू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारांहूनही कमी आढळले. बिनधुराचा तंबाखू वापरणारे मात्र शंभरात चोवीस! म्हणजे "विडी ओढत नाही" हे समाधान फुकटचे आहे. धूर नसला म्हणून तोंडाचा कॅन्सर टळत नाही. गरोदरपणी मशेरी लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. पण कायदा टपरीपर्यंत जातो, घरातल्या मशेरीच्या डबीपर्यंत नाही. पाचवे शील घेताना आपल्याला दारूची बाटली आठवते, खिशातली पुडी आठवत नाही.

तुलना करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ती कुणाशी करावी, हा प्रश्न आहे. आपल्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्याचे काम सुरू केले. गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्यांच्याकडून गाव बाळंतपणाचा सल्ला घेऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात या कामाची नोंद झाली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सांगणारी बाई आपल्यासारखीच मजुरी करणारी असली, की "हे मोठ्या लोकांचे, आपल्याला कसे जमेल?" असे म्हणायला तोंड राहत नाही. अशी तुलना माणसाला वर नेते.

म्हणून बंधू-भगिनींनो, या रविवारी मुलांच्या जुन्या वहीत एक पान आखा. तंबाखू, मशेरी, विडी, दारू यांवर आठवड्यात किती पैसे गेले ते लिहा. पुढच्या रविवारी आपल्याच आकड्याशी ताळा करा. तोंडात पांढरा चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा तोंड पुरते उघडत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. तंबाखू सोडायला मदत हवी असल्यास १८००-११२-३५६ या क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत.

वहीत शेजाऱ्याचा रकाना ठेवू नका. त्याच्या नावावर कितीही कर्ज असले, तरी आपल्या खात्यात त्यातला एक पैसाही जमा होत नाही.