कूटवाक्याची उकल : वर्ण, अक्षर आणि अर्थ

कोड्याचे उत्तर सांगणे आणि कोडे सोडविणे या दोन भिन्न क्रिया होत. उत्तर अटकळीनेही हाती लागते. सोडवणूक मात्र सिद्ध करून दाखवावी लागते. कूट शब्दकोडे या प्रकारात हा भेद विशेष स्पष्ट होतो आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकास त्याचा विचार करण्याजोगा आहे.

'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे प्रसिद्ध झाले. त्यातील सूचना सरळ होत्या. अर्थ दिलेला, शब्द ओळखावयाचा. मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोडी बहुधा याच जातीची आहेत. इंग्लंडात मात्र १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' या पत्रातून 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅथर्स याने निराळी वाट पाडली. पुढे डी. एस. मॅकनट याने 'झिमेनीझ' या नावाने १९६६ साली ग्रंथ लिहून या प्रकाराची शिस्त मांडली. तिचे सार असे : कूटवाक्यात उत्तराचा नेमका अर्थ असावा, उत्तराच्या घडणीची नेमकी सूचना असावी आणि या दोहोंखेरीज फारसे काही नसावे. वाक्य वरवर तिसरेच काही सांगत असले तरी चालते. किंबहुना तेच अपेक्षित असते. अर्थ आणि घडण या दोन स्वतंत्र वाटा एकाच शब्दाशी मिळाल्या, की उत्तर सिद्ध झाले.

ही कल्पना भारतीय परंपरेस अपरिचित नाही. कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिकेची गणना आहे. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. संधीमुळे पदे एकजीव होऊन अर्थ झाकला जातो ती 'समागता', दुसऱ्या अर्थी रूढ असलेल्या शब्दाने फसविते ती 'वंचिता', वर्णांच्या गणनेने गोंधळात टाकते ती 'संख्याता'. या शेवटच्या प्रकाराचे दंडीचे उदाहरण फार उद्बोधक आहे. त्याचा आशय असा : एक नगरी आहे, तिच्या मध्यभागी अनुनासिक असून सभोवार चार वर्ण शोभतात, तेथील राजांचे नाव आठ वर्णांचे आहे. ऐकणाऱ्याचे मन चातुर्वर्ण्याकडे जाते. अभिप्रेत वर्ण मात्र ध्वनी होत. 'काञ्ची' या नावात क्, आ, ञ्, च्, ई असे पाच वर्ण असून ञ् बरोबर मध्ये आहे. आणि 'पल्लवाः' या रूपात विसर्ग धरून आठ वर्ण भरतात. अर्थ आणि घडण यांचा मेळ येथे पूर्ण आहे.

दंडीची ही रचना आजच्या मराठी शब्दकोड्यात मात्र बसत नाही. तेथे 'कांची' या शब्दास दोन चौकोन पुरतात, कारण चौकोनात वर्ण नव्हे, तर लिखित अक्षर बसते. घटक बदलला, की खेळाचे व्याकरणच बदलते. 'नदी उलटली की गरीब (२)' हे कूटवाक्य घ्यावे. उत्तर 'दीन'. न आणि दी या अक्षरांचा क्रम उलटताच शब्द सिद्ध होतो. परंतु ध्वनींचा क्रम उलटला, तर 'ईदन्' असे काहीतरी निरर्थक हाती येते. 'नवजीवन' हा शब्दही अक्षरशः उलटसुलट सारखा आहे, ध्वनिशः नाही. 'रामाला भाला मारा' ही लोकपरिचित विलोमरचनाही अक्षरांवरच उभी आहे. आणि 'चिमा काय कामाची' या रचनेत आरंभीची 'चि' ऱ्हस्व व अखेरची 'ची' दीर्घ असल्याने ती लेखनात किंचित लंगडते, उच्चारात नाही.

दोन्ही घटकांवरील रचना एकाच कवीच्या हाती पाहावयाच्या असतील, तर मोरोपंतांकडे (१७२९–१७९४) वळावे. त्यांच्या 'निरोष्ठ रामायणा'त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत. त्यामुळे मकार असलेले 'राम' हे नावच रामकथेतून वगळावे लागते. हे बंधन ध्वनीचे आहे. 'मंत्ररामायणा'त मात्र रामनामाच्या मंत्राची अक्षरे श्लोकांतून गोवलेली आहेत. तेथे घटक अक्षर आहे.

मराठीत कूटवाक्य रचताना दुसरी अडचण सामान्यरूपाची येते. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय पृथक् राहते आणि नाम अविकृत असते. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचेच रूप पालटते. 'उलटा मका म्हणजे उद्योग (२)' हे वाक्य निर्दोष आहे. 'मका' उलटून 'काम' मिळते. परंतु 'मक्याला उलटे केले की उद्योग' असे लिहिताच वाक्यात 'मका' उरतच नाही. उलटावयाचे ते 'मक्या' होते. सोडविणाऱ्यास मूळ रूप मनाने परत आणावे लागते आणि तशी सूचना वाक्यात नसते. रचनाकाराने अशा वेळी प्रथमेचाच आश्रय करावा हे उचित. याचे चांगले उदाहरण पुढील वाक्यात दिसेल : 'सकाळ जीवनाची, तिच्या पोटात चिंता (३)'. पहिल्या दोन शब्दांच्या पोटात, म्हणजे 'सकाळ जीवनाची' या अक्षरमालेत, 'काळजी' सलग उभी आहे. 'चिंता' हा तिचा अर्थ. 'तिच्या' हे सर्वनामही सकाळीशी लिंगाने जुळते. एकही शब्द फुकट गेलेला नाही.

आता उकलीच्या मर्यादेचा विचार करावा. 'खेडुताची वेळ आणि निवारा मिळून भिवंडीकडील गाव (४)' या वाक्याचे उत्तर 'टेमघर'. ग्रामीण बोलीत 'टाइम'चे 'टेम' होते, निवारा म्हणजे 'घर'. कूटवाक्य म्हणून हा विग्रह चोख आहे. पण कोणी यालाच ग्रामनामाची व्युत्पत्ती समजेल, तर ती घोडचूक ठरेल. मुळशी तालुक्यात मुठा नदीवर धरण आहे, तेथेही टेमघरच आहे. व्युत्पत्ती सांगणाऱ्यास अशा सर्व समान नामांचा, जुन्या कागदपत्रांतील रूपांचा आणि ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांचा जाब द्यावा लागतो. कूटवाक्यास एका शब्दाचा एकदा विग्रह झाला म्हणजे पुरे. लौकिक व्युत्पत्तीचा दोष हाच, की ती कोड्याचा पुरावा इतिहासाचा पुरावा म्हणून पुढे करते. ग्रामनामांविषयी लिहिल्या जाणाऱ्या कितीतरी मजकुरात हा घोटाळा आढळतो. विग्रह जुळला एवढ्यावर समाधान मानले जाते आणि शोध तेथेच थांबतो.

म्हणून उकल लिहून दाखविण्याचा सराव पदव्युत्तर विद्यार्थ्यास उपकारक ठरतो. वाक्याचा अर्थभाग कोणता, घडणभाग कोणता, त्यांना जोडणारा शब्द कोणता आणि काही शिल्लक राहिले काय, या चार प्रश्नांची उत्तरे त्यास द्यावी लागतात. शिल्लक राहिले, तर एक तर उत्तर चुकले किंवा वाक्य सदोष आहे. भामहाने प्रहेलिकेसारख्या रचनेवर आक्षेप घेतला, तो ती शास्त्राप्रमाणे व्याख्येवाचून कळत नाही म्हणून. अशा रचनेत बुद्धिमंतांचा उत्सव होतो आणि मंदमतींचा घात, असे त्याचे म्हणणे. काव्याच्या दृष्टीने आक्षेप रास्त आहे. परंतु जेथे व्याख्या हीच फलश्रुती आहे, तेथे तोच दोष गुण होतो. मराठीत अशी कोडी रुजावयाची, तर अक्षर हा घटक, जोडाक्षर व अनुस्वार यांची अभेद्यता, ऱ्हस्वदीर्घाचा विवेक आणि सामान्यरूपाविषयीची दक्षता एवढे संकेत आधी ठरले पाहिजेत. ते ठरले, की फसविणारे वाक्यही प्रामाणिक राहू शकते.